आतड्यांच्या दाहावरील औषधे : भीतीचा क्रम उलटा आहे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत आतड्यांच्या दाहक विकारावर, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोन आजारांवर, अलीकडे आलेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. लक्षणे, दुर्बिणीची तपासणी आणि आजाराचे चढउतार यांविषयी त्यात नेमकी माहिती होती. माझी तक्रार आहे ती लेखाशेवटी दिलेल्या औषधांच्या चौकटीविषयी. तेथे सर्व औषधांचे सर्व दुष्परिणाम स्वल्पविराम देऊन एकापुढे एक मांडले होते, त्यामुळे डोकेदुखी, पुरळ, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), मळमळ आणि क्षयरोग हे सारे एकाच मापाचे होऊन बसले. कोणता त्रास दहांतल्या एकाला होतो आणि कोणता दहा हजारांतल्या एकाला, कोणता पहिल्या पंधरवड्यात होतो आणि कोणता काही वर्षांनी, कोणता रुग्णाला जाणवतो आणि कोणता केवळ रक्ताच्या तपासणीत दिसतो, यांपैकी काहीच त्या चौकटीतून कळत नव्हते. मी बरीच वर्षे औषधशास्त्र शिकवले आहे आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसची रुग्ण या नात्याने यांतली काही औषधे घेतलीही आहेत, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

या औषधांची रुग्णांना वाटणारी भीती निराधार नाही. तिचा क्रम मात्र उलटा आहे. सर्वाधिक रुग्णांचे सर्वाधिक नुकसान ज्या औषधाने होते ते स्टिरॉइड ओळखीचे झाले म्हणून निर्धास्तपणे घेतले जाते, आणि ज्या औषधांच्या आधाराने स्टिरॉइड सुटू शकते ती त्यांच्या दुर्मीळ धोक्यांचे वर्णन वाचून नाकारली जातात. शिवाय तुलना नेहमी ‘औषध घेणे’ आणि ‘काहीच न होणे’ यांच्यात केली जाते. प्रत्यक्षात दुसऱ्या पारड्यात आजार असतो. आटोक्यात नसलेल्या क्रोन्समध्ये आतडे जागोजागी अरुंद होते, भगेंद्रासारखे मार्ग तयार होतात, शस्त्रक्रिया करावी लागते. मोठ्या आतड्याचा दाह वर्षानुवर्षे राहिला तर तेथे कर्करोगाची शक्यता वाढते, म्हणूनच लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी नियमित दुर्बीण तपासणी सुरू करण्याचा प्रघात आहे. आणि आजार उसळलेला असताना शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढलेला असतो. हे सारे औषधांच्या दुष्परिणामांइतक्याच ठळक अक्षरांत छापले जायला हवे.

प्रथम स्टिरॉइडविषयी. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये कॉर्टिसोनची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली, आणि तीव्र झटक्यात ज्या आजाराने माणसे दगावत होती त्यावर प्रथमच खात्रीने काम करणारे औषध हाती आले. त्या औषधाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. प्रेडनिसोलोन सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रक्त थांबते, पोटातील कळा ओसरतात, अंगात उत्साह येतो, आणि नेमकी येथेच अडचण सुरू होते, कारण इतक्या लवकर गुण देणारे औषध रुग्णाला सर्वांत विश्वासाचे वाटू लागते. पहिल्या आठवड्यांतले त्याचे त्रास दिसणारे असतात: झोप उडते, भूक अनावर होते, चेहरा गोल होतो, मुरमे येतात, चिडचिड होते, काहींना विलक्षण उल्हास तर काहींना खोल उदासी येते. मनावर होणारा हा परिणाम औषधाचा आहे, हे आधी कोणी सांगितलेले नसेल तर घरातली माणसे त्याचा दोष रुग्णाच्या स्वभावाला देतात. रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढतो, तो मोजल्याशिवाय कळत नाही.

याहून गंभीर परिणाम मागाहून आणि आवाज न करता येतात. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, म्हणून कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व स्टिरॉइडबरोबरच सुरू करायचे असते. पुढे कधी तरी हाडाची घनता मोजून मग पाहू, असे म्हणण्यात वेळ निघून गेलेली असते. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून निकामी होण्याची घटना क्वचित घडते, पण ती तरुण रुग्णांतही घडते, आणि स्टिरॉइड घेतलेल्या माणसाच्या जांघेत किंवा खुब्यात टिकून राहणारी वेदना ‘वात’ म्हणून सोडून देण्याजोगी नसते. मोतीबिंदू, काचबिंदू, जंतुसंसर्गाला सहज बळी पडणे हे त्यापुढचे. आणि यांत सर्वांत कमी समजावून सांगितली जाणारी बाब म्हणजे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींची सुस्ती. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की या ग्रंथी स्वतःचे संप्रेरक तयार करणे कमी करतात. काही आठवडे औषध घेतल्यानंतर ते एकाएकी बंद केले तर शरीराकडे स्वतःचेही नसते आणि बाहेरचेही नसते. मग थकवा, उलट्या, रक्तदाब उतरणे, प्रसंगी शुद्ध हरपणे, असे प्रकार होतात. म्हणून मात्रा आठवड्याआठवड्याने उतरवायची असते, आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याने किंवा नुकतेच सोडलेल्याने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, अपघातात किंवा मोठ्या तापात ती गोष्ट तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगायची असते, कारण अशा वेळी वाढीव मात्रा लागू शकते.

एवढे सोसूनही स्टिरॉइड आजाराला दूर ठेवत नाही. ते झटका आवरते, पण झटका येऊ नये म्हणून त्याचा उपयोग होत नाही. प्रेडनिसोलोन सुरू केल्यापासून तीन महिन्यांत मात्रा दिवसाला १० मिलिग्रॅमच्या खाली आणता येत नसेल, किंवा बंद केल्यापासून तीन महिन्यांच्या आत आजार उलटत असेल, तर रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून झाला असे तज्ज्ञ मानतात, आणि उपचार बदलण्याची वेळ तेव्हाच आलेली असते. प्रत्यक्षात असे रुग्ण जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा तोच क्रम घेत राहतात. क्रोन्सच्या रुग्णांची मोठी नोंदवही ठेवून केलेल्या ‘ट्रीट’ या अमेरिकेतील अभ्यासात गंभीर संसर्ग आणि मृत्यू या दोहोंशी प्रेडनिसोन या स्टिरॉइडचा संबंध आढळला होता. ज्या इन्फ्लिक्सिमॅब या जैविक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या) औषधाच्या सुरक्षिततेसाठी ती नोंदवही मुळात ठेवली होती, त्याचा मृत्यूशी तसा संबंध दिसला नाही. आजार जितका तीव्र तितके स्टिरॉइड जास्त दिले जाते, हे लक्षात ठेवूनच असे आकडे वाचावे लागतात, हे मान्य. तरीही भीतीच्या यादीत स्टिरॉइड शेवटी असावे, असे त्यांतून मुळीच निघत नाही. ज्यांचा आजार लहान आतड्याच्या टोकाशी किंवा गुदाशयाजवळ मर्यादित आहे, त्यांना ब्युडेसोनाइड किंवा गुदमार्गाने द्यायची औषधे हा पर्याय असतो, हेही विचारून घ्यावे. ब्युडेसोनाइडचा बहुतेक अंश यकृतातून पहिल्यांदा जातानाच निष्प्रभ होतो, त्यामुळे बाकीच्या शरीराला त्याची झळ कमी लागते. मुळीच लागत नाही असे मात्र नाही.

दुसऱ्या टोकाला मेसालामीन आहे. या आजारातील सर्वांत सौम्य औषध हेच, आणि बरे वाटू लागले की सर्वांत आधी सोडले जाणारेही हेच. त्याचे पूर्वज सल्फासालाझीन १९४० च्या सुमारास स्वीडनमधील नॅना स्वार्त्झ यांच्या पुढाकाराने तयार झाले. सल्फा गटातील एक औषध आणि सॅलिसिलेट गटातील एक औषध एका रासायनिक बंधाने जोडलेले. मोठ्या आतड्यातील जिवाणू तो बंध तोडतात आणि औषध हवे तेथे मोकळे होते. पुढे १९७७ मध्ये असे दिसून आले की आतड्यावर गुण येतो तो सॅलिसिलेटच्या भागाचा, आणि डोकेदुखी, मळमळ, पुरळ, रक्तपेशी फुटणे असे बहुतेक त्रास सल्फाच्या भागाचे. त्यातूनच निव्वळ मेसालामीनच्या गोळ्या आल्या. सल्फासालाझीन आजही वापरात आहे, विशेषतः सांधे दुखणाऱ्या रुग्णांत. त्याने लघवीला नारिंगी रंग येतो तो निरुपद्रवी असतो, फोलिक आम्ल कमी पडते म्हणून ते वेगळे द्यावे लागते, आणि पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते. ही घट औषध बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत भरून येते, पण मूल होत नाही म्हणून तपासण्यांच्या फेऱ्यांत सापडलेल्या जोडप्याला पोटाच्या औषधाविषयी कोणी विचारतेच असे नाही.

मेसालामीनचे दोन परिणाम सौम्यतेच्या या प्रतिमेमागे झाकले जातात. एक मूत्रपिंडाचा दाह. दुर्मीळ, पण लक्षणांवाचून वाढणारा, म्हणून वर्षातून निदान एकदा तरी क्रिएटिनिनची तपासणी व्हावी. दुसरा फसवा आहे. थोड्या रुग्णांना हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच जुलाब वाढतात, रक्त पडते, ताप येतो, म्हणजे चित्र हुबेहूब आजार बळावल्याचे दिसते, आणि साहजिकच मात्रा वाढवली जाते. औषध थांबवले की दोन-चार दिवसांत उतार पडतो आणि पुन्हा दिले की तोच प्रकार होतो. ‘गोळी सुरू केल्यापासून बिघडले’ असे रुग्ण म्हणत असेल तर ते बोलणे खोडून काढण्याआधी हा विचार झाला पाहिजे.

आता ज्यांच्या नावाने सर्वाधिक रुग्ण बिचकतात ती औषधे. अझाथायोप्रिन आणि तिची भगिनी मर्कॅप्टोप्युरिन ही गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतील निर्मिती. या दोघांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ही औषधे स्टिरॉइड सोडवण्यासाठी देतात, पण त्यांचा गुण यायला तीनएक महिने लागतात आणि त्रास मात्र पहिल्या महिन्यातच होऊ शकतात. आधी त्रास आणि मग गुण, हा क्रम रुग्णाला माहीत नसला की औषध सुटलेच. सुरुवातीची मळमळ मात्रा विभागून किंवा रात्री घेऊन बहुधा सोसवते. स्वादुपिंडाचा दाह मात्र वेगळा: शंभरांत तीन-चार जणांना, बहुतेक पहिल्या महिन्यात, वरच्या पोटात पाठीकडे जाणारी तीव्र कळ येते, असे झाले तर औषध तत्काळ थांबवायचे आणि पुन्हा कधी घ्यायचे नाही.

सर्वांत महत्त्वाचा परिणाम अस्थिमज्जेवरचा. पांढऱ्या पेशी घटतात, त्या कोणतेही लक्षण न देता घटतात, आणि रुग्णाला कळते ते घसा धरून थंडी-ताप आल्यावर. हे कोणाला अधिक होईल याचा काही अंदाज आता आधीच बांधता येतो. टीपीएमटी नावाचे विकर (एन्झाइम) या औषधाचा निचरा करते. साधारण तीनशेंत एका माणसात ते जवळजवळ नसतेच, आणि त्याला नेहमीची मात्रा दिली तर मज्जा कोसळते. आशियाई वंशाच्या लोकांत टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५ या जनुकातील बदल अधिक महत्त्वाचा ठरतो. अशा रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांतच केस झपाट्याने गळू लागणे ही पांढऱ्या पेशी कोसळत असल्याची खूण असू शकते, आणि तिला सौंदर्याची तक्रार समजण्याची चूक महागात पडते. जनुकाची तपासणी निर्दोष आली म्हणून रक्ततपासणी टळत नाही, कारण पेशी घटणाऱ्या बऱ्याच रुग्णांत यांपैकी एकही बदल सापडत नाही. पहिल्या महिन्यात जवळपास दर आठवड्याला, मग अंतर वाढवत, आणि पुढे औषध चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी करायची असते. ‘पहिल्या सहा महिन्यांत सगळे ठीक होते’ हे पुढच्या तपासण्या टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

येथे एका औषधाची टक्कर नमूद करणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णात ती सहज घडते. युरिक आम्ल वाढल्यावर दिले जाणारे अ‍ॅलोप्युरिनॉल अझाथायोप्रिनच्या निचऱ्याचा एक मार्ग बंद करते. दोन्ही एकत्र देण्याची वेळ आलीच तर अझाथायोप्रिनची मात्रा पाव ते एक तृतीयांश इतकी खाली आणावी लागते. तसे न करता दोन्ही चालू ठेवली तर तीच नेहमीची गोळी विषासमान होते. फेब्युक्सोस्टॅटही याच मार्गात येते. गाउटच्या गोळीची चिठ्ठी लिहून घेताना पोटाच्या गोळीचे नाव सांगणे एवढ्याने हा प्रसंग टळतो.

लिम्फोमाच्या शब्दाने तर निर्णयच होऊन जातो. ‘धोका पाचपट वाढतो’ हे वाक्य, वयासारखे फरक जमेस धरले तर, खरे आहे आणि तरीही ते एकटे छापणे दिशाभूल करणारे आहे. फ्रान्समध्ये १९,००० हून अधिक रुग्णांचा मागोवा घेऊन २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेझाम’ अभ्यासात ही औषधे कधीच न घेतलेल्यांमध्ये दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ०.२६, आणि घेत असलेल्यांमध्ये सुमारे ०.९ इतके लिम्फोमा आढळले. म्हणजे हजार माणसांनी वर्षभर औषध घेतले तर त्यांतील एकाला, आणि नऊशे नव्व्याण्णवांना नाही. औषध सोडलेल्यांमध्ये हे प्रमाण पुन्हा न घेतलेल्यांच्या जवळपास आले होते. वयानुसार हा धोका बदलतो. साठीपुढच्या रुग्णात त्याचे वजन वेगळे, आणि पस्तिशीच्या आतील पुरुषांत, विशेषतः टीएनएफरोधक औषधाच्या (म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबसारख्या, ज्यांविषयी पुढे लिहिले आहे) जोडीने दीर्घकाळ घेतल्यास, यकृत व प्लीहेतील एका अतिदुर्मीळ पण जीवघेण्या लिम्फोमाचा विचार करावा लागतो. हा विचार करून डॉक्टर आणि रुग्ण यांनी औषध नाकारले तर तो निर्णय झाला. पाचपट हा शब्द ऐकून नाकारले आणि वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेतले तर त्याला निर्णय म्हणता येत नाही. त्वचेचा कर्करोगही या औषधांनी वाढतो, त्यासाठी उन्हापासून संरक्षण आणि त्वचेची अधूनमधून तपासणी पुरते.

मेथोट्रेक्सेटविषयी थोडक्यात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजची गोळी समजून घेतल्याने मृत्यू झालेले आहेत, म्हणून वार ठरवून तो चिठ्ठीवर आणि डबीवर अक्षरांत लिहून घ्यावा. फोलिक आम्ल सोबत हवे, यकृत आणि रक्तपेशींवर लक्ष हवे, नवा कोरडा खोकला किंवा धाप लागल्यास लगेच सांगावे, आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर हे औषध नकोच.

जैविक औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ साली मान्यता मिळाली. टीएनएफ हा दाह भडकावणारा घटक ते बांधून टाकते. पण शरीरात दबून राहिलेल्या क्षयजंतूंभोवतीची तटबंदीही याच घटकावर उभी असते, आणि ती ढासळली की जुना, विसरलेला क्षय जागा होतो. तो बहुधा पहिल्या काही मात्रांनंतरच जागा होतो आणि पुष्कळदा फुफ्फुसाबाहेर, लसिकाग्रंथींत, पोटात किंवा सर्वांगात पसरतो. त्यामुळे खोकला नाही म्हणून क्षय नाही, असे येथे म्हणता येत नाही. रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणे या तीन गोष्टी पुरेशा आहेत. म्हणून औषधापूर्वी छातीचा एक्स-रे, त्वचेवरची किंवा रक्तातील क्षयचाचणी आणि सुप्त क्षय आढळल्यास त्याचे औषध काही आठवडे आधी सुरू करणे, हा क्रम ठरलेला आहे. स्टिरॉइड चालू असताना या चाचण्या खोट्या नकारार्थी येऊ शकतात, म्हणून त्या शक्य तितक्या आधी कराव्यात, हा तपशील मात्र क्वचितच सांगितला जातो. कावीळ ‘ब’चा विषाणूही असाच पुन्हा उठतो, त्याची तपासणी त्याच वेळी करावी.

सलाईनमधून औषध चालू असताना अंग लाल होणे, छाती भरणे, थंडी वाजणे असे होऊ शकते, आणि काहींना आठवडाभराने सांधेदुखी व ताप येतो. औषधात मोठा खंड पडल्यावर ते पुन्हा सुरू करताना हे अधिक होते, कारण मधल्या काळात शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिद्रव्ये तयार करते. बरे वाटले म्हणून एखादी मात्रा गाळण्याची किंमत अशी पुढे वसूल होते. सोरायसिसवर दिली जाणारी हीच औषधे काही रुग्णांच्या तळव्यांवर आणि टाळूवर नव्याने सोरायसिस उठवतात, हा औषधशास्त्रातील विक्षिप्तपणा शिकवताना मला नेहमीच गंमत वाटे. रुग्णाला अर्थातच वाटत नाही. हृदय दुबळे असणाऱ्यांना आणि मज्जातंतूंवरील आवरण झिजण्याचा आजार असणाऱ्यांना टीएनएफरोधक औषधे टाळतात.

सर्व जैविक औषधे मात्र एका तागडीत टाकू नयेत. नॅटालिझुमॅब हे पांढऱ्या पेशींना मेंदूतही जाऊ देत नसे. त्यातून जेसी विषाणूमुळे मेंदूचा एक घातक आजार होतो असे दिसल्यावर २००५ मध्ये ते बाजारातून काढले गेले आणि पुढे कडक अटींवरच परत आले. वेडोलिझुमॅब त्याच कल्पनेतून आले, पण ते आतड्याकडे जाणाऱ्या पेशींवरील खुणेपुरतेच काम करते, त्यामुळे बाकीच्या शरीराची प्रतिकारशक्ती बरीचशी शाबूत राहते. उतारवयात किंवा पूर्वी गंभीर संसर्ग झालेल्या रुग्णात हा फरक निर्णायक ठरू शकतो. युस्टेकिनुमॅब या आणखी एका जैविक औषधाची सुरक्षितताही टीएनएफरोधकांच्या तुलनेत दिलासा देणारी आहे.

टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब या तोंडाने घ्यायच्या नव्या गोळ्या लवकर गुण देतात, आणि इंजेक्शन नको असणाऱ्यांना त्या आकर्षक वाटतात. त्यांत नागीण होण्याचे प्रमाण वाढते, म्हणून तिची निर्जीव लस शक्यतो आधी घ्यावी. रक्तातील चरबी वाढते, आणि उपाडासिटिनिबने तरुणांना मुरमे येतात. पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा एखादा तरी धोका असलेल्या संधिवाताच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत टोफासिटिनिबने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग अधिक आढळले, त्यानंतर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या संपूर्ण गटावर कडक इशारा छापायला लावला. तो निष्कर्ष पंचविशीच्या निर्व्यसनी कोलायटिसच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू करणे बरोबर नाही, तसेच साठीच्या धूम्रपान करणाऱ्याने तो दुर्लक्षिणेही बरोबर नाही.

गर्भधारणेविषयी मात्र स्पष्ट लिहिले गेले पाहिजे, कारण दिवस राहिल्याचे कळताच सर्व औषधे स्वतःहून बंद करणाऱ्या स्त्रिया अनेक आहेत. उसळलेला आजार हा अकाली प्रसूतीचा आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा मोठा धोका आहे. मेथोट्रेक्सेट आणि वर सांगितलेल्या नव्या गोळ्या टाळायच्या. मेसालामीन, आधीपासून चालू असलेले अझाथायोप्रिन आणि टीएनएफरोधक औषधे बहुधा चालू ठेवली जातात. टीएनएफरोधक औषध शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळात उतरते, त्यामुळे बीसीजीसारखी जिवंत लस अशा बाळाला जन्मतः न देता काही महिने लांबवायची असते, आणि हे बालरोगतज्ज्ञाला सांगण्याची जबाबदारी व्यवहारात आईवरच येते. रुग्णांनी स्वतःही ही औषधे चालू असताना जिवंत लसी घेऊ नयेत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या निर्जीव लसी मात्र जरूर घ्याव्यात.

आणखी दोन औषधे या आजारात वरचेवर येतात म्हणून त्यांचा उल्लेख. मेट्रोनिडाझोल दीर्घकाळ घेतल्यास पायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, तो औषध लवकर थांबवले नाही तर टिकून राहू शकतो. आणि सांधेदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने आतड्याचा दाह भडकू शकतो. मग त्याचा ठपका बिचाऱ्या मेसालामीनवर येतो.

औषधाच्या वेष्टनातील पत्रक वाचणाऱ्यांसाठी एक तांत्रिक पण उपयोगी माहिती. युरोपातील पत्रकांत ‘अतिसामान्य’ म्हणजे दहांत एकाहून अधिक, ‘सामान्य’ म्हणजे शंभरांत एक ते दहा, ‘दुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा, अशा ठरलेल्या व्याख्या असतात. मळमळ, डोकेदुखी, थकवा असे त्रास चाचण्यांत निव्वळ खोटी गोळी घेणाऱ्यांनाही होतात, तेव्हा यादीत नाव आहे म्हणजे ते औषधानेच होते असे नाही. पण अझाथायोप्रिन किंवा जैविक औषध घेणाऱ्याला ताप आला, डोळे पिवळे झाले, धाप लागली किंवा एकच पाय सुजला, तर यादी न वाचता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शेवटी, दुष्परिणाम कळवण्याविषयी. इन्फ्लिक्सिमॅब आणि क्षय यांचा संबंध २००१ साली पुढे आला तो मूळ चाचण्यांतून नव्हे, तर नियामकाकडे आपणहून आलेल्या ७० रुग्णांच्या नोंदींतून, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांत क्षय फुफ्फुसाबाहेर होता. आज औषधापूर्वी जी क्षयचाचणी होते तिच्यामागे त्या नोंदी पाठवण्याची तसदी घेणारे लोक आहेत. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणा अनेक देशांत आता रुग्णांच्या तक्रारीही थेट स्वीकारतात, आणि आपल्या पुरवणीने त्या कशा कळवाव्यात हे एकदा सविस्तर छापावे, अशी माझी विनंती आहे. तक्रार करताना औषध केव्हा सुरू झाले, त्रास केव्हा सुरू झाला, सोबत आणखी कोणती औषधे होती आणि औषध थांबवल्यावर काय झाले, हे लिहावे. जैविक औषध असेल तर उत्पादकाचे नाव आणि कुपीवरचा बॅच क्रमांकही लिहावा, कारण एकाच नावाखाली आता वेगवेगळ्या उत्पादकांची समतुल्य औषधे मिळतात आणि क्रमांकावाचून ती ओळखता येत नाहीत.

आपली विश्वासू,
एक वाचक